शेंगदाण्याचं सोवळं

एप्रिल लागला की माझं एक काम ठरलेलं असतं, शिबिरवाल्यांना फोन करणं. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणजे दोन शिंका आल्या, चार फोड उठले अशातली नाही, अडीच वर्षांचा असताना आजोळी कोणीतरी कौतुकाने दाण्याच्या लाडवाचा एवढासा कण तोंडात घातला आणि वीस मिनिटांत ओठ सुजले, आवाज बसला, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि पोर मांडीवर लुळं पडलं, ती ॲलर्जी. फोनवर मी हे सगळं सांगते, समोरचे सर किंवा मॅडम नीट ऐकूनही घेतात, आणि मग दहातले नऊ जण म्हणतात, "काळजीच करू नका ताई, आम्ही करतो मॅनेज."

हे वाक्य आलं की मी ते शिबिर यादीतून खोडते.

दोन वर्षांपूर्वी खोडलं नव्हतं. मुळशीच्या पुढे पाच दिवसांचं निवासी शिबिर होतं, नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती, उलट फार गोड होती. मी फॉर्मवर लाल पेनने लिहिलं, सरांशी बोलले, स्वयंपाकाच्या मावशींशी फोनवर बोलले, औषधांचं पाऊच सरांच्या हातात दिलं आणि ते कसं वापरायचं ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी निघाली एकादशी. मावशींनी आपल्या मनाने सगळ्या पोरांना साबुदाण्याची खिचडी केली, सोबत दाण्याची आमटी, कारण मुलांना आवडते आणि पटकन होते. माझ्या मुलाने ताट बाजूला सारलं तर एक दादा म्हणाला, अरे थोडी खा, दाणे बाजूला काढ ना, काही होत नाही. दाणे बाजूला काढ! खिचडीतलं कूट कोण बाजूला काढणार? त्याने नाही खाल्ली. दिवसभर दोन केळी खाऊन राहिला आणि संध्याकाळी रेंज मिळाल्यावर मला फोन करून आधी रडला आणि मग हे सगळं सांगितलं.

मी लगेच विचारलं, तुझं पाऊच कुठंय? तर ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली सरांच्या खिशात, सर त्या दिवशी काही कामाने पुण्याला आलेले. म्हणजे पाऊच होतं मुळशीत आणि किल्ली होती डेक्कनला.

काही झालं नाही. आणि काही झालं नाही म्हणूनच हे लिहायला बसले, कारण काही झालं असतं तर लोकांनी ऐकलं असतं, झालं नाही तेव्हा सगळे म्हणतात बघा, उगाच घाबरत होतात. सरही तेच म्हणाले.

आता माझा मुद्दा. निवासी शिबिरात ॲलर्जीचं मूल सांभाळणं आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही, आपण ते मनावर घेत नाही. त्याच शिबिराच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, जैन जेवणाची सोय आहे. आणि ती खरोखर होती! त्या बॅचमध्ये दोन जैन मुली होत्या, त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात, वेगळा डाव, कांदा-लसणाच्या फोडणीतला कालथा चुकूनही तिकडे जात नव्हता, हे माझ्याच मुलाने सांगितलं. बटाटाच नको म्हटल्यावर कच्च्या केळ्याची भाजी झाली. कोणी त्या मुलींना म्हटलं नाही की थोडा खा बटाटा, काही होत नाही. म्हणायचंही नाहीच, त्यांचा धर्म आहे, मान राखलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की वेगळं पातेलं, वेगळा डाव आणि लक्षात ठेवणारी मावशी या तिन्ही गोष्टी त्या स्वयंपाकघरात होत्या, माझ्या मुलासाठी ॲलर्जीवर विश्वास ठेवणारा एक माणूस तेवढा नव्हता.

आणि जैन कशाला, आपल्या आज्यांची स्वयंपाकघरं आठवा. सोवळ्यातलं पाणी वेगळं, उष्ट्या हाताने वाढायचं नाही, खरकटा चमचा लोणच्याच्या बरणीत घालायचा नाही, उपवासाचं तळणाचं तेल निराळं. सोवळ्याच्या नावाखाली आपल्या समाजाने माणसांना कसं कसं वागवलंय ते मला माहीत आहे, बायकांना महिन्याचे चार दिवस कुठे बसवलंय तेही माहीत आहे, त्याची भलामण मला करायची नाही. पण एका पदार्थाचा दुसऱ्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही ही गोष्ट महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघराला परदेशातून शिकावी लागणार नाही एवढं नक्की. मावशींना मी जेव्हा डॉक्टरी भाषेत समजावलं तेव्हा त्यांनी नुसतं हो हो केलं. नंतर एका दुसऱ्या शिबिरात मी सांगितलं, मावशी, याच्यासाठी दाणे म्हणजे उष्टं समजा, दाण्याला लागलेला हात, चमचा, भांडं सगळं उष्टं, धुतल्याशिवाय याच्या ताटाकडे आणायचं नाही, तर त्या एका वाक्यात समजल्या आणि वर मलाच म्हणाल्या, मग मिक्सरचं भांडं पण नको ना, कूट त्यातच होतं आमचं.

मिक्सरच्या भांड्याचं मला कोणी आपणहून सांगितलेलं ते पहिल्यांदाच. पात्याखाली जो खाचा असतो ना तिथे कूट बसतं, नुसतं विसळून जात नाही, आणि त्याच भांड्यात हिरवी चटणी फिरली की चटणीत एकही दाणा नसूनही ती याच्यासाठी विष. आणि आपल्याकडे दाणा कुठे नसतो सांगा. पोह्यात दिसतो, चिवड्यात दिसतो, ते सोपं. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पालेभाजीच्या रश्शाला दाटपणा हवा म्हणून कूट, भेंडीला चव नाही आली म्हणून वरून भुरभुरलेलं कूट. शिवाय हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाचं फॅड आलंय. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ते त्रास देत नाही, घाण्याच्या तेलात मात्र ते उतरू शकतं, आणि ॲलर्जी प्रोटीनचीच असते. "आम्ही सगळं शुद्ध घाण्याच्या तेलात करतो" हे शिबिरवाले अभिमानाने सांगतात तेव्हा इकडे माझ्या पोटात गोळा येतो.

आता यावर काही पालकांचं म्हणणं असतं की शिबिरात शेंगदाण्यालाच बंदी घाला. अमेरिका-कॅनडात बऱ्याच शाळा आणि कॅम्प असं करतात, तिकडे राहणारे आपले लोक इथे आले की हाच सल्ला देतात. माझं मत याच्या विरुद्ध आहे आणि मी स्वतः ॲलर्जीच्या मुलाची आई असून हे म्हणते. आपल्याकडे ही बंदी कागदावरच राहणार. साठ मुलांच्या बॅगा, त्यात आईने दिलेला चिवडा, लोणावळ्याची चिक्की, गूळ-शेंगदाणे तर ट्रेकचं राष्ट्रीय खाद्य, कोण तपासणार? आणि बंदी आहे म्हटल्यावर सगळे निर्धास्त होतात, मूलही निर्धास्त होतं, विचारायचं सोडून देतं. त्यापेक्षा दाणे आहेत, इथे इथे आहेत, तुझं जेवण या पातेल्यातलं आणि फक्त या मावशीच वाढणार, हे मला जास्त भरवशाचं वाटतं. बाकीच्या एकोणसाठ पोरांनी खिचडी का सोडावी, सोडली तर ती माझ्या पोरावरच राग काढणार ना.

मग दुसरी बाजू म्हणते, एवढं आहे तर पाठवूच नका. जवळच्या नातेवाइकांनीही हे ऐकवलंय, "जिवापेक्षा शिबिर मोठं आहे का?" नाहीये मोठं. पण तो अठराव्या वर्षी हॉस्टेलला जाणार, मेसमध्ये जेवणार, मित्रांबरोबर टपरीवर उभा राहणार, तेव्हा मी सोबत नसणार. अन्नाच्या ॲलर्जीने जी मुलं दगावतात त्यात किशोरवयातली आणि विशीच्या आतबाहेरची जास्त असतात असं डॉक्टर सांगतात, कारण त्या वयात औषध जवळ ठेवायची लाज वाटते आणि चारचौघांत विचारायचीही. ही लाज दहाव्या वर्षी मोडायला लागते आणि ती आईच्या पदराआड बसून मोडत नाही.

त्यातून आपलं वळण असं की मुलाने अन्नाला नाही म्हणूच नये. वाढलेलं टाकायचं नाही, मोठ्यांनी हातावर ठेवलं की तोंडात घालायचं, डबा वाटून खायचा, आणि प्रसादाला तर नाही म्हणणं म्हणजे पापच. हे सगळं मीही शिकले आणि चांगलंच आहे ते, पण मला माझ्या मुलाला बरोब्बर उलटं शिकवावं लागलं. गणपतीत शेजारच्या काकूंनी खिरापत दिली की हात जोडून "काकू, याच्यात काय काय आहे?" असं विचारायचं आणि काकूंना नक्की सांगता आलं नाही तर कपाळाला लावून आईकडे द्यायचं. काही जणांना हे आगाऊपणाचं वाटतं, वाटू दे. त्या एकादशीला ज्या पोराने भुकेल्या पोटी दादाला नाही म्हटलं ते या शिकवणीनेच.

पण सगळा भार दहा वर्षांच्या पोरावर आणि फॉर्म भरणाऱ्या आईवर टाकून चालेल का? फी घेऊन, मूल ताब्यात घेऊन, पाच दिवस त्याच्या पोटात काय जाणार हे ठरवणारा जो आहे त्याची जबाबदारी काहीच नाही का? राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आली, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं असली पाहिजेत हे आलं. चांगलं झालं. आता रॅपलिंगला नेणाऱ्याला आईबाप विचारतात, दोर कधीचा आहे, हार्नेस कुठली आहे. स्वयंपाकघराबद्दल अशी विचारायची पद्धत अजून पडलेली नाही. खरं तर पोरं कड्यावरून दिवसात एकदा उतरतात आणि ताटावर तीनदा बसतात.

कायदा पाकिटापर्यंत पोचलाय. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे पाकिटबंद पदार्थात शेंगदाणा, सुकामेव्यातली कवचफळं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लूटेनवाली धान्यं, ठराविक प्रमाणाच्या वर सल्फाइट असेल तर ते छापावं लागतं. यादी बरीचशी जगाची आहे, आपली नाही. त्यात तीळ नाही, अमेरिकेने २०२३ पासून तिळाचं लेबल सक्तीचं केलं, आपण संक्रांतीला घरोघरी तीळ वाटणारे अजून थांबलोय. हरभराही नाही, आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी २००१ सालीच हरभऱ्याच्या ॲलर्जीवर अभ्यास छापून हा भारतातला महत्त्वाचा ॲलर्जन आहे असं म्हटलं होतं, म्हणजे बेसन, पिठलं, भजी, डाळवं सगळं आलं. असो, यादी वाढेल तेव्हा वाढेल, शिबिरातल्या पातेल्यावर लेबल नसतंच, तिथे मावशी हेच लेबल.

यावर मला एकदा एका शिबिरचालकाने आकड्याने गप्प केलं होतं. ते म्हणाले, मॅडम, आपल्याकडे हे फार दुर्मिळ आहे, एका मुलासाठी मी सगळी यंत्रणा कशाला उभी करू? खोटं नाही बोलले. एका आंतरराष्ट्रीय पाहणीत कर्नाटकातली शाळकरी मुलं तपासली तेव्हा अन्नाच्या ॲलर्जीची दाट शक्यता असलेली मुलं हजारात एक-दोनच निघाली, हाँगकाँगमध्ये त्याच पद्धतीने मोजल्यावर हजारात पंधरा. म्हणजे आपल्याकडे कमीच. पण साठ-साठ मुलांच्या बॅचेस, वर्षाला दहा-बारा, दहा वर्षं हे शिबिर चालवणाऱ्याने हिशोब करावा की त्याच्या दारात अशी किती मुलं येऊन गेली असतील, काहींच्या आईबापांनाही तेव्हा माहीत नसेल. आणि माझी मागणी यंत्रणेची नाहीच, त्याला लागतं काय तर एक इंजेक्शन, ते देता येणारी दोन माणसं आणि कुलूप नसलेला कप्पा.

इंजेक्शनबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. अंगावर गांधी उठल्या की आपण म्हणतो पित्त उठलं, आणि आमसुलाचं पाणी चोळतो. साध्या पित्ताला ठीक आहे. पण खाल्ल्यानंतर थोड्या वेळात गांधींबरोबर ओकारी, खोकला, घोगरा आवाज, धाप, चक्कर यातलं काही सुरू झालं तर ते अंगाचं पित्त नाही, त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, आणि कधीकधी गांधी न उठताही होतं. मुलं आपल्या शब्दांत सांगतात, घशात केस अडकलाय, जीभ जाड झाली, माझा मुलगा "तोंडात मुंग्या आल्यात" म्हणतो. तेव्हा आमसूल नाही आणि सेट्रिझिनची गोळीही नाही, गोळीने खाज कमी होते, उतरणारा रक्तदाब आणि बंद होणारा श्वास तिला आवरत नाही. त्यावर पहिलं औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि ते लवकर. मुलाला आडवं करून पाय उंच करायचे, धाप असेल तर बसू द्यायचं, पण उठवून चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण काही तासांनी ते सगळं पुन्हा उसळू शकतं.

परदेशात याचं पेन मिळतं, कपड्यावरून मांडीत दाबलं की झालं. आपल्या मेडिकलमध्ये ते सहज मिळत नाही. माझा भाऊ न्यू जर्सीहून येताना दोन घेऊन येतो, वर्ष-दीड वर्षात एक्सपायर होतात, मग पुन्हा कोण येतंय का याची वाट बघायची. ज्यांचा भाऊ न्यू जर्सीत नाही त्यांनी काय करायचं? ॲड्रेनालिनची अँप्युल, म्हणजे काचेची छोटी कुपी, आपल्याकडे स्वस्त आहे, कुठल्याही दवाखान्याच्या ट्रेमध्ये असते, पण ती फोडून वजनाप्रमाणे मोजून भरायची म्हणजे घाबरलेल्या दादाचे हात थरथरणार. काही डॉक्टर आईबापांना तेही शिकवतात, आमच्या डॉक्टरांनी मला पाण्याने भरलेल्या सिरिंजने संत्र्यावर शिकवलं. शिबिरवाल्यांपैकी निम्मे म्हणतात, इंजेक्शनला आम्ही हात लावणार नाही, काही कमीजास्त झालं तर आमच्या गळ्यात. ही भीती मी झटकून टाकत नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने संरक्षण दिलं, तसं स्पष्ट संरक्षण शिबिरातल्या दादाला आणि शाळेतल्या बाईंना का नको? इंग्लंडमध्ये २०१७ पासून शाळांना प्रिस्क्रिप्शनशिवाय जादा पेन विकत घेऊन ठेवता येतं. कॅनडातल्या ऑंटेरिओत सॅब्रिना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी २००३ मध्ये शाळेच्या कँटीनमधलं खाऊन दगावली, त्यानंतर तिच्या नावाचा कायदा झाला आणि २००६ पासून तिथल्या शाळांना अशा मुलांसाठी योजना आखणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही मूल गेल्यावरच करायचं का?

डोंगरात तर याचं महत्त्व दुप्पट. १०८ ची ॲम्ब्युलन्स आपल्याकडे २०१४ पासून आहे आणि खरोखर उपयोगाची आहे, पण आधी रेंज हवी, मग घाट, मग पावसाळ्यात खचलेला नि उन्हाळ्यात खोदलेला रस्ता. तोवर जे करायचं ते शिबिरातल्या माणसानेच. म्हणून मुक्कामी शिबिराच्या परवानगीतच ही अट घाला, ॲड्रेनालिन आणि ते देता येणारी दोन माणसं कायम जागेवर. दोन, कारण एक पुण्याला जातो. आणि औषध मुलाच्या बरोबर फिरलं पाहिजे, मूल कड्यावर तर पाऊच कड्यावर, आणि मे महिन्यात ते तंबूत तापत ठेवायचं नाही, फ्रीजमध्येही नाही.

थोडं आपल्या आईबापांच्या बाजूलाही बोलते. ॲलर्जी हा शब्द आपणच स्वस्त केलाय. पोराला भेंडी आवडत नाही, लिहा ॲलर्जी. दुधाने पोट बिघडतं, लिहा ॲलर्जी. एका मॅडमनी मला साठ फॉर्मपैकी सतरा फॉर्म दाखवले ज्यात त्या रकान्यात काहीतरी लिहिलेलं होतं, एकात "दुधी भोपळा" आणि एकात चक्क "लवकर उठणे". त्या म्हणाल्या, यातलं खरं कुठलं हे मी कसं ओळखू? बरोबर आहे त्यांचं. ज्याला खरी आहे त्याने डॉक्टरांचा कागद जोडावा आणि बाकीच्यांनी तो रकाना मोकळा सोडावा.

यंदा मी अकरा ठिकाणी फोन केले. नऊ ठिकाणी मॅनेज. एकाने सरळ सांगितलं जमणार नाही, त्यांचे मी मनापासून आभार मानले, त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. अकराव्या एक बाई होत्या, वीसच मुलं घेतात, नवरा-बायको मिळून चालवतात. त्यांनी उलट मलाच अर्धा तास प्रश्न विचारले, तीळ चालतात का, तेल कुठलं, इंजेक्शन दिल्यावर दुसरं किती वेळाने द्यायचं, ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, चार दिवस मी घेते, स्वयंपाक मीच करते आणि दाणे घरात आणत नाही. पण पाचव्या दिवशी ट्रेक आहे, तिथे गावातल्या एका घरी जेवण असतं, त्यांच्या स्वयंपाकघराची खात्री मी नाही देऊ शकत. चौथ्या दिवशी संध्याकाळी येऊन त्याला घेऊन जा."

मी लगेच पैसे भरले. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, कारण त्याला ट्रेकच हवा होता.